चार जागा, पंधरा दिवस आणि सभेचं इतिवृत्त

वाचकांचे प्रश्न : महापालिका
(उत्तरं देणारे महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. सभांची इतिवृत्तं लिहिण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली.)

प्रश्न : आमच्या प्रभागात चार जागा आहेत. आमच्या ह्यांचं म्हणणं, एकाच पॅनेलला चारही मतं देऊन मोकळं व्हावं. मला ते पटत नाही. 'ड' जागेवर दोन वेळा निवडून आलेले माजी नगरसेवक उभे आहेत. त्यांनी गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले, दर श्रावणात बायकांची देवदर्शनाची बस नेतात आणि फोन पहिल्या रिंगला उचलतात. समोर तिशीतला सिव्हिल इंजिनीअर आहे, पहिल्यांदाच उभा राहिलाय. 'क' जागा महिलांसाठी आहे. तिथे एका माजी नगरसेवकांच्या पत्नी आणि अपक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका. 'अ' आणि 'ब'मधलं तर कुणीच ओळखीचं नाही. मतदानाला पंधरा दिवस उरलेत. या माणसांची तुलना करायची तरी कशावरून?
— एक गृहिणी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं 'फोन पहिल्या रिंगला उचलतात' हे वाक्य मी दोनदा वाचलं. आपण नगरसेवकाला मोजतो ते बहुतेक याच मापानं. ते माप खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तुम्हाला दिसत नाही, कारण ते सभागृहात घडतं आणि तिथे तुम्ही नसता. मी होतो.

आमच्याकडे एक नगरसेविका होत्या. प्रभाग कोणता, पक्ष कोणता, ते सोडा. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्या आमच्या कार्यालयात यायच्या आणि कपाटाशेजारच्या बाकावर बसायच्या. हातात विषयपत्रिका, पानांचे कोपरे दुमडलेले, आणि केसांच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. एकदा मला विचारलं, "भाऊसाहेब, हा रस्ता काँक्रीट करायचा विषय आहे ना, याच रस्त्यावर ड्रेनेजची नवी लाइन टाकायचा विषय मागच्या महिन्यात झाला. मग आधी काँक्रीट करून नंतर फोडणार का?" मी मागचं इतिवृत्त काढलं. खरंच होतं. दोन खाती, दोन निविदा, रस्ता एकच. दुसऱ्या दिवशी सभेत त्या जेमतेम दोन मिनिटं बोलल्या आणि मी लिहिलं, 'सदर विषय एक महिना पुढे ढकलण्यात यावा.' आधी लाइन पडली, मग काँक्रीट झालं. त्यांच्या प्रभागात याचा फ्लेक्स लागला नाही. न फोडलेल्या रस्त्याचा फ्लेक्स लावणार तरी कसा? पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या.

त्याच सभागृहात दुसरे एक सदस्य होते. माणूस अतिशय लोकप्रिय. हजेरीपुस्तकात सही करायचे आणि चहाला निघून जायचे. पाच वर्षांच्या इतिवृत्तांत त्यांचं नाव 'अनुमोदक' म्हणून पुष्कळ ठिकाणी सापडेल, कारण शेजारच्यानं कागद पुढे केला की ते सही करत. लेखी प्रश्न एकही नाही. उपसूचना एकही नाही. आता मजा ऐका. माझ्याच गल्लीतलं चेंबर तुंबलं, तेव्हा रात्री साडेअकराला जेटिंगची गाडी घेऊन हाच माणूस आला आणि पायजमा वर खोचून उभा राहिला. पुढच्या वेळी मी मत त्यालाच दिलं. त्या बाईंचा प्रभाग माझा नव्हता, हे माझं नशीब म्हणायचं. असता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

म्हणून तुम्ही दोन रकाने करा. एक गल्लीतला, एक सभागृहातला. गल्लीतला तुमचा भरलेला आहेच. सभागृहातला रिकामा आहे, आणि पाच वर्षांचा खर्च तिथे ठरतो. अंदाजपत्रक मंजूर होतं सर्वसाधारण सभेत. ठरावीक रकमेच्या वरचे ठेके मंजूर होतात स्थायी समितीत. मुंबई वगळली तर राज्यातल्या महापालिकांचा कारभार १९४९च्या अधिनियमाने चालतो आणि त्यानुसार स्थायी समितीत सदस्य असतात फक्त सोळा. अंमलबजावणी आयुक्तांच्या हातात. नगरसेवकाच्या हातात काय, तर विचारणं, अडवणं, दुरुस्ती सुचवणं आणि हात वर करणं. सभा संपता संपता, लोक चपला शोधत असताना 'ऐनवेळचे विषय' म्हणून झेरॉक्स फिरते. तीन मिनिटांत अकरा विषय मंजूर झालेले मी स्वतःच्या हातानं लिहिले आहेत. अशा वेळी 'थांबा, हा कागद मला आत्ता मिळालाय' म्हणणारा एक जण तरी सभागृहात असावा लागतो.

आता तुमच्या 'ड' जागेबद्दल. माजी नगरसेवकांना गेल्या चार वर्षांचा हिशेब विचारू नका. मार्च २०२२मध्ये मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा अनेक महापालिकांची मुदत संपली आणि तिथून पुढे प्रशासकच कारभार बघत होते. तुम्ही विचारलंत तर ते 'प्रशासक होते हो' म्हणतील, आणि ते खरंच आहे. त्यांना २०१७ ते २०२२चं विचारा. शेवटच्या वर्षी प्रभागाच्या तरतुदीतून कोणती कामं सुचवली, आणि त्यातलं आज उभं काय आहे? पुण्यात या कामांच्या यादीला 'स यादी' म्हणतात, इतर शहरांत वेगळी नावं असतील. माल सगळीकडे सारखाच. बाकडी, कचऱ्याच्या बादल्या, कापडी पिशव्या, कमानी, नामफलक. तुमच्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकच्या शेजारी 'यांच्या निधीतून' अशी पाटी असेल. तो निधी त्यांचा नाही, तुमच्या मालमत्ता कराचा आहे. पाटी लावण्यापुरता तो त्यांचा होतो. ब्लॉक बसवले म्हणून गुण देऊ नका आणि कापूही नका. पावसात पाणी कुठे जातं ते बघा. ब्लॉक बसवताना उतार काढला असेल तर लक्ष घालणारा माणूस आहे. चेंबरची झाकणं ब्लॉकखाली गाडली गेली असतील, तर बिल निघण्याची घाई होती इतकंच.

देवदर्शनाची बस मात्र हिशेबातून पूर्ण वगळा. तुम्ही त्या बसमध्ये बसला असाल तरी.

इंजिनीअरच्या बाबतीत लोक एक चूक करतात. शिकलेला आहे म्हणजे काम करेल असं धरून चालतात. शिक्षण आणि सभागृहातलं काम यांचा संबंध मला बत्तीस वर्षांत तरी नीट लागला नाही. वर सांगितलेल्या बाई दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्याला दारात आल्यावर एकच विचारा, "आपल्या भागाला पाणी कुठल्या टाकीवरून येतं?" प्रभागात फिरलेला असेल तर टाकीचं नाव सांगेल, शेवटच्या गल्लीत दाब का कमी ते सांगेल, आणि व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला तो ओळखत असेल. उत्तरादाखल 'स्मार्ट', 'व्हिजन' असे शब्द आले तर अजून फिरणं बाकी आहे. आणखी एक. सिव्हिलचा आहे, तर पालिकेची कामं घेतो का, हेही विचारा. पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस कायद्यानं सदस्य राहू शकत नाही. पण ठेका मेव्हण्याच्या नावावर असला की कायदा गप्प बसतो. मेव्हणा काय करतो ते गल्लीतल्या बायकांना माहीत असतंच.

'क' जागेवर माझ्या मनात तुमच्यापेक्षा जास्त गोंधळ आहे. २०११पासून राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. त्यानंतर आमच्या कार्यालयात दोन प्रकारच्या बायका आल्या. काहींचे फोन नवरे उचलायचे, विषयपत्रिका नवरे घेऊन जायचे आणि सभेत त्या चिठ्ठी वाचायच्या. काही पहिल्या वर्षी चिठ्ठी वाचायच्या, दुसऱ्या वर्षी चिठ्ठीत खाडाखोड करायच्या आणि तिसऱ्या वर्षी नवऱ्याला बाहेर बसवायच्या. तेव्हा 'अमुक यांच्या पत्नी' एवढ्यावर फुली मारू नका. त्या प्रचाराला आल्या की प्रश्न त्यांच्याकडे बघून विचारा. उत्तर नवरा द्यायला लागला तर हसून म्हणा, "भाऊ, ताईंना सांगू द्या." पुढच्या अर्ध्या मिनिटात जे दिसेल ते पत्रकातल्या चार पानांत दिसणार नाही.

मुख्याध्यापिका अपक्ष आहेत. त्यांच्याविषयी मला आदर वाटतो, पण त्यांना अवघड प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा : "निवडून आलात तर कोणत्या गटासोबत बसणार?" समित्यांवरच्या जागा पक्षांच्या आणि गटांच्या तौलनिक संख्याबळावर वाटल्या जातात. एकटा अपक्ष स्थायी समितीत पोचणं फार कठीण. 'मी कुणाचीच नाही' हे उत्तर भाषणात छान वाटतं; सभागृहात त्याचा अर्थ मागच्या बाकावर पाच वर्षं असा होऊ शकतो. नाव घेऊन सांगितलं तर बरं, निदान आधी सांगितलं.

आणि इथेच तुमच्या यजमानांचं म्हणणं थोडं खरं ठरतं. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या सदस्याला पक्षादेश लागू होतो, १९८६चा राज्याचा कायदा आहे त्यासाठी. महापौरपदाच्या मतदानात तुमचा आवडता उमेदवार आणि त्याच्या शेजारचा नावडता उमेदवार एकच हात वर करणार. म्हणून पक्ष बघायलाच हवा. पण तो चार वेळा बघा, एकदाच बघून चार बटणं दाबू नका. कारण लेखी प्रश्न विचारायला पक्षादेश लागत नाही आणि चेंबर तुंबल्यावर पक्ष येत नाही.

ओळखीचं कुणी नसलेल्या 'अ' आणि 'ब'साठी शपथपत्रं काढा. उमेदवारी अर्जासोबत प्रत्येकाला मालमत्ता, देणी, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणं लिहून द्यावी लागतात. ती लोकांना बघता येतात. भाचा-पुतण्याला मोबाइलवर राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून शोधायला सांगा, नाहीतर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. वाचताना आकडा किती मोठा यावर थांबू नका. शहरात वडिलोपार्जित अर्धा गुंठा असला तरी माणूस कागदावर कोट्यधीश दिसतो. व्यवसायाचा रकाना आणि मालमत्तेचा रकाना शेजारी ठेवून वाचा. व्यवसाय 'समाजसेवा', आयकर विवरणात उत्पन्न चार-पाच लाख, आणि २०१७नंतर घेतलेले तीन गाळे, असं दिसलं तर पेन्सिलनं गोल करा. माणूस आधी उभा राहिलेला असेल आणि त्याचं जुनं शपथपत्र मिळालं, तर दोन्ही समोरासमोर ठेवण्यासारखी दुसरी करमणूक नाही.

गुन्ह्यांचं पान बघून घाबरू नका, पण उलटूनही टाकू नका. कलमं वाचा. जुन्या भारतीय दंड संहितेतली १४३ आणि १८८ अशी जोडी असेल, तर बहुधा मोर्चा किंवा रास्ता रोको. पाण्यासाठी हंडा मोर्चा काढणाऱ्यावरही तीच लागतात. मी तर अशा माणसाला एखादा गुण वाढवून देईन. ३५३ म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला वा बळाचा वापर. तिथे नेमकं काय झालं होतं ते विचारा. कनिष्ठ अभियंत्याच्या कॉलरला हात घालणारे मी डोळ्यांनी पाहिलेत आणि लोक त्यालाच 'धडाडी' म्हणतात. ४२० फसवणूक, ३८४ खंडणी. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे त्यानंतरच्या प्रकरणांत फसवणुकीला ३१८ आणि खंडणीला ३०८ दिसेल. प्रकरण प्रलंबित आहे म्हणजे माणूस दोषी असं नव्हे. पण प्रभागात चारशे चौरस फुटांची घरं घेणारी साधी माणसं असताना, ज्याच्यावर फ्लॅटच्या फसवणुकीची तीन प्रकरणं चालू आहेत त्याला बांधकामाचे प्रस्ताव मंजूर करायला पाठवावं का, हा तुमचा प्रश्न आहे, कोर्टाचा नाही.

माहितीचा अधिकार वापरा असं कुणी सांगेल. कायदा उत्तम आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि तुमच्याकडे पंधरा आहेत. तो अर्ज निकालानंतर करा. निवडून आलेल्या चौघांची सभांतली हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न दरवर्षी मागा. दर वर्षी कुणीतरी मागतंय एवढं कळलं तरी चहाला जाणारे परत येतात, हा अनुभव आहे.

त्यापेक्षा आज संध्याकाळी दोन माणसांना गाठा. तुमच्या भागात पाणी सोडणारा चावीवाला आणि झाडलोटीचा मुकादम. कोण नगरसेवक सकाळी सातला फोन करून 'आज गाडी का नाही आली' विचारायचा, आणि कोण फक्त पाहुणे येणार असले की फोन करायचा, हे त्यांना तोंडपाठ असतं. नावं घेऊन बोलणार नाहीत, नोकरी आहे त्यांची. चहा द्या आणि एकेका उमेदवाराचं नाव काढून चेहरा बघा.

प्रश्न : चारपैकी मला एकच उमेदवार पसंत आहे. एकच बटण दाबून बाहेर आलं तर चालेल का?
— एक ज्येष्ठ नागरिक

उत्तर : नाही. बहुसदस्यीय प्रभागात जितक्या जागा तितकी बटणं दाबावी लागतात, त्याशिवाय यंत्रावर तुमचं मतदान पूर्ण होत नाही. प्रत्येक जागेच्या उमेदवारांच्या यादीखाली 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय असतो. ज्या जागेवर कुणी पटत नाही तिथे तो दाबा. चारही मतं एका पक्षाला द्यावीत असं बंधन कुठेच नाही. जागांच्या मतपत्रिका ओळखू याव्यात म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या असतात. आत जाऊन गडबडू नका, घरूनच 'अ'ला कोण, 'ब'ला कोण हे पाठ करून जा. शेवटच्या मतानंतर लांब बीप वाजतो, तोपर्यंत यंत्रासमोरून हलू नका. आमच्या मातोश्री दुसऱ्या बटणानंतर 'झालं' म्हणून निघाल्या होत्या. केंद्राध्यक्षांनी हाक मारून परत बोलावलं.

प्रश्न : एका उमेदवाराच्या पत्रकात वीजबिल निम्मं, नवीन पोलीस चौकी, मेट्रो स्टेशन आणि मालमत्ता कर माफी अशी चार आश्वासनं आहेत. दुसऱ्याच्या पत्रकात फक्त 'दोन स्वच्छतागृहं आणि स्मशानभूमीची शेड'. पहिला जास्त महत्त्वाकांक्षी वाटतो. आपलं मत?
— एक तरुण मतदार

उत्तर : पहिल्याच्या चारपैकी तीन गोष्टी नगरसेवकाच्या हातात नाहीत. वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. पोलीस गृह खात्याचे. मेट्रोचा निर्णय राज्य आणि केंद्र सरकारच्या पातळीवर होतो. चौथी गोष्ट अर्धवट हातात आहे. कराचे दर दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत सर्वसाधारण सभा ठरवते, तिथे वाढ रोखता येते. पण सरसकट माफीचा विषय मुंबई मंत्रालयात जातो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना सवलत मिळाली तीही राज्यानं कायद्यात बदल केल्यावर. त्याला विचारा, दर न वाढवता पाणीपुरवठ्याचा वाढता खर्च कुठून भागवणार.

दुसऱ्यानं लिहिलेल्या दोन्ही गोष्टी महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत मोडतात. रस्ते, दिवे, मैला, पाणी, प्राथमिक शाळा, दहन-दफनाच्या जागा, जन्म-मृत्यूची नोंद. त्यानं निदान नोकरीची जाहिरात वाचून अर्ज केलाय. त्याला फक्त एवढं विचारा की स्वच्छतागृहं नेमकी कुठे, आणि ती रोज धुणार कोण. जागेचं नाव चटकन सांगितलं आणि 'तिथे पाण्याचं कनेक्शन नाही, ते आधी घ्यावं लागेल' असं आपणहून म्हणाला, तर मला पत्र टाकून कळवा. मला त्याला भेटायचं आहे.